वाक्य एकदाच द्यायचं

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, तुमचा संघर्ष लिहा. नट म्हटला की संघर्ष हवा, आणि तो फलाटावर झोपून, वडापावावर दिवस काढून केलेला हवा, अशी लोकांची समजूत आहे. माझी इथेच पंचाईत होते. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ आमची हळदीची सात एकर, विहिरीला बऱ्यापैकी पाणी, आणि पोट भरलं म्हटल्यावरही आई आणखी एक भाकरी ताटात टाकणार. मी आयुष्यात एकदाही उपाशी झोपलेलो नाही. मुंबईला गेलो तेव्हा धाकट्या बहिणीकडे उतरलो, आणि तिच्या हातालाही आईचंच वळण आहे. तेव्हा संघर्ष शोधणाऱ्यांनी खुशाल पान उलटावं.

मला लिहायचंय ते फुलसिंगमामांबद्दल. ते आमच्या गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर होते. मी जो काही नट झालो तो त्यांच्यामुळे झालो, आणि त्यांच्यावर अन्याय करून झालो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आधी प्रॉम्प्टर म्हणजे काय ते सांगतो. शहरातले लोक म्हणतात, नट अडला तर आतून शब्द सुचवतो तो प्रॉम्प्टर. आमच्याकडे तसं नव्हतं. यात्रेतलं नाटक बसवायचं ते नेमकं हळद शिजवायच्या दिवसांत. दिवसभर कढईवर राबलेला माणूस संध्याकाळी तालमीला येऊन बसला तरी खूप. पाठांतर कुणाचंच नसायचं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटायचं नाही. प्रॉम्प्टर विंगेत पुस्तक घेऊन उभा राहायचा आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं नाटक वाचायचा. त्यानं वाक्य द्यायचं, आपण ते कानावर घ्यायचं, समोरचा बोलत असतानाच मनात धरायचं आणि आपली पाळी आली की हावभावासकट फेकायचं. बाहेरगावाहून आणलेली नटी तर आम्हाला पहिल्यांदा भेटायची ती पडदा उघडायच्या तासभर आधी. तिचाही भरवसा विंगेवरच.

फुलसिंगमामा गावचे कोतवाल. राहायला शेजारच्या बंजारा तांड्यावर. घरी त्यांची गोरमाटी बोली, आणि मराठी शिकले ते शाळेच्या पुस्तकातून, सातवीपर्यंत. त्यामुळे पुस्तकातली मराठी ते आमच्यापेक्षा स्वच्छ वाचायचे. कोतवालाचं काम म्हणजे दवंडी. पारावर उभे राहून ते बोलले की वेशीबाहेरच्या मळ्यात ऐकू जायचं. गावातला सगळ्यात मोठा आवाज, आणि नाटकात त्याचं काम कुजबुजण्याचं. याचं आम्हाला हसू यायचं, पण त्यांनी त्याचं शास्त्र करून ठेवलं होतं. आधी श्वास सोडून द्यायचा आणि उरलेल्या श्वासावर बोलायचं. वाक्याचं शेवटचं अक्षर गिळायचं. नटाच्या तोंडाकडे बघायचं नाही, खांद्याकडे बघायचं. "तोंड खोटं बोलते," ते म्हणायचे. "खांदा सांगते, याला वाक्य पायजे का न्हाई." त्यांचा आवाज माझ्या कानापर्यंत यायचा आणि पहिल्या रांगेतल्या पाटलांपर्यंत जायचा नाही. मधे अंतर असायचं चार हातांचं.

आणि एक नियम होता. वाक्य एकदाच द्यायचं. दोनदा दिलं तर लोकांना ऐकू जातं, आणि मग ते वाक्य नटाचं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. सहा-सात वर्षं मी त्यांच्या वाक्यांवर गावात राजा, दरोडेखोर, वकील आणि एकदा डॉक्टर झालो. लोक म्हणायचे, मारोतीसारखा नट पंचक्रोशीत नाही. मलाही ते पटायला लागलं होतं.

आमच्या मंडळीचे पुढारी दत्तराव. त्यांचं किराणा दुकान होतं आणि नाटकाचा पडदा त्यांच्या मालकीचा होता, म्हणून दिग्दर्शकही तेच. एका वर्षी त्यांच्या मनात आलं, नांदेडला नाटकांची स्पर्धा आहे, तिथे आपलं नाटक न्यायचं. अर्ज केला, नियमांचा कागद आला. त्यात एक कलम होतं: प्रॉम्प्टिंग प्रेक्षागृहात ऐकू आलं तर नाटक स्पर्धेतून बाद. दत्तरावांनी फर्मान काढलं, महिनाभरात सगळ्यांनी पाठ करायचं. आणि सगळ्यांनी केलं. नाटकातल्या धाकट्या भावाची भूमिका करणाऱ्या आमच्या न्हाव्याच्या किसननं तर माझंही पाठ केलं.

मी केलं नाही. हळद चालू होती, अंग मोडून यायचं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण माझ्याबरोबर त्याच कढईवर राबणाऱ्या दोघांचं पाठ झालं होतं. खरं कारण घमेंड. विंगेत फुलसिंगमामा असताना आपलं काय अडणार, हा माज होता.

निघायच्या आदल्या दिवशी मामा कढईजवळ आले. हळदीची वाफ डोळ्यात जात होती, तरी मुद्दाम जवळ येऊन उभे राहिले.

"मारोती, पाठ झालं का?"

"झालं की."

"तिसरा अंक बी?"

"सगळं झालं, मामा."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. तेव्हा मला वाटलं, तोंडाकडे बघतायत. आता वाटतं, खांद्याकडे बघत असतील. "मंग मी पुस्तक घेऊन नुस्ता उभा राहीन," ते म्हणाले. "तोंड उघडनार न्हाई. तुज्या भरवशावर."

आमचा प्रयोग सकाळी साडेदहाला होता. इतक्या उजेडाच्या वेळी आम्ही कधी तोंडाला रंग लावला नव्हता. शिवाय गावात वर तीन माइक टांगलेले असायचे, आणि बोलायचं असलं की त्यांतल्या एकाखाली जाऊन उभं राहायचं ही आमची रीत. इथे एकही माइक नव्हता, आणि आम्ही सगळे सवयीनं त्याच तीन जागांवर जाऊन बोलत होतो. दोन माणसांचं भांडण असलं की एक जण दुसऱ्याला ढकलून त्याची जागा घेतोय असं दिसायचं. तरी दोन अंक निभावले. तालमीत कानावर पडून पडून जे बसलं होतं, त्यावर मी वेळ मारून नेली.

नाटक दोन भावांचं होतं, गावातल्याच एका गुरुजींनी लिहिलेलं. तिसऱ्या अंकात विहिरीची वाटणी. धाकटा म्हणतो, आता या घरात माझं काय राहिलं? आणि थोरल्याकडे बघतो. थोरला मी. किसननं वाक्य टाकलं, बघितलं, आणि माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. शब्द अडत नव्हता, सगळी जागाच रिकामी होती.

मामांनी माझा खांदा बघितला असणार. शब्द दिला होता, तरी त्यांनी वाक्य दिलं. नेहमीसारखं, हळू, एकदा. पण माझे कान भीतीनं वाजत होते, मला ऐकू आलं नाही. किसननं आपलं वाक्य पुन्हा म्हटलं. मागे कुजबूज सुरू झाली. आणि फुलसिंगमामांनी स्वतःचा नियम मोडला. दुसऱ्यांदा वाक्य दिलं, मला ऐकू जाईल असं.

ते नाट्यगृह चांगलं बांधलेलं होतं, टाचणी पडली तरी ऐकू यावी असं. त्यात कोतवालाचा आवाज. "विहीर तुझी, पाणी तुझं. मला फक्त हाक मारायची मोकळीक ठेव." शेवटच्या रांगेतलं कुणी तरी हसलं. मग मी तेच वाक्य म्हटलं, नाटक पुढे गेलं, पडदा पडताना टाळ्याही आल्या. बाहेर आल्यावर परीक्षकांनी दत्तरावांना एका वाक्यात निकाल सांगितला.

परतीच्या टेम्पोत दत्तरावांचा तोल सुटला. महिन्याची मेहनत, गावाचं नाव, सगळं त्यांनी मामांवर काढलं. "कोतवाल, तुला दवंडी पिटाया आनलं होतं का? मारोतीचं पाठ होतं, घडीभर अडला तरी बोलला असता. तू काहून तोंड घातलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीच बोलायचं होतं. एकच वाक्य होतं, आणि ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मामांनीही माझ्याकडे बघितलं, एकदाच. मी ताडपत्रीच्या दोरीकडे बघत बसलो.

"चुकलं माजं," मामा म्हणाले, आणि पुस्तक दत्तरावांच्या मांडीवर ठेवलं.

वारंगा फाट्याला खिचडी खाल्ल्याशिवाय आमची कुठलीही गाडी कधी पुढे गेलेली नाही. त्या दिवशी टेम्पो थांबला नाही. फुलसिंगमामा त्यानंतर विंगेत उभे राहिले नाहीत. दुसऱ्या वर्षी पुस्तक दुसऱ्याच्या हातात होतं आणि मी नाटकात नव्हतो. दोन वर्षं मी तोंडाला रंग लावला नाही. लोकांना वाटलं, मारोतीला अपमान सहन झाला नाही. लोकांनी त्यातही माझं कौतुकच केलं.

पुढे हिंगोलीत एका हौशी संस्थेनं मला बोलावलं. तिथे प्रॉम्प्टर नव्हता. मी जायचं ठरवलं ते एका अटीवर, आणि ती अट माझी मलाच होती: पाठ केल्याशिवाय तालमीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. वेळ मिळायचा तो फक्त जीपमध्ये. गोरेगाव ते हिंगोली, मागच्या फळीवर, गुडघ्याला गुडघा लागलेला, आणि मी मोठ्यानं संवाद म्हणतोय. आधी लोकांना वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. नंतर ते ऐकायला लागले, आणि नंतर चुका काढायला लागले. रोज बाजाराला जाणारी एक म्हातारी होती. ती एकदा म्हणाली, "काल तं इथं रडला होता. आज काहून न्हाई?" ड्रायव्हर ऐकण्याच्या नादात दोन थांबे पुढे गेला तरी कान मागेच ठेवायचा. त्या जीपमधल्या निम्म्या माणसांना ते नाटक तोंडपाठ झालं होतं. प्रयोगाला त्यांतले वीस जण आले आणि माझ्या प्रत्येक वाक्याआधी त्यांचे ओठ हलायचे. मी मात्र एकदाही अडलो नाही.

तिथून पुण्याच्या एका फिरत्या नाटकात नोकराचं काम मिळालं. चाचणीला गेलो तेव्हा हळद नुकतीच आटपली होती. नखं, तळवे, मनगटं पिवळी. निर्मात्यांनी हात बघितले आणि विचारलं, काल लग्न झालं का? मी म्हटलं, लग्नाला आठ वर्षं झाली, ही घरची हळद आहे. ते इतके हसले की संवाद न ऐकताच काम दिलं. त्या नोकराला चार वाक्यं होती. मी नायकाचे संवादही पाठ केले. एका दौऱ्यात नायकाचा घसा बसला, आणि पुढचं सांगायला नको.

पडद्यावरचं पहिलं काम मात्र फसलं. चित्रपटात आवाज घ्यायला एक माणूस लांब काठीला माइक बांधून नटाच्या डोक्यावर धरून उभा असतो. मी वर बघितलं, माइक दिसला, आणि पाय आपोआप त्याच्याखाली चालायला लागले. तो बिचारा काठी मागे घेतोय, मी पुढे जातोय. असं करत आम्ही दोघं भिंतीपर्यंत गेलो. दिग्दर्शकानं विचारलं, तुम्ही निघालात कुठे? गावच्या स्टेजवरची सात वर्षं पायातून काढायला मला एक अख्खा दिवस लागला, आणि त्या दिवसानंतर त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. चार-पाच वर्षं कुणीच बोलावलं नाही. मी नाटकाचे दौरे करत राहिलो आणि हळदीला गावी येत राहिलो. त्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही.

मग मालिका मिळाली. सासऱ्याचं काम, जरा खडूस. पहिल्या दिवशी सेटवर गेलो तर हातात कागदच नाही. म्हटलं, पाठ कधी करायचं? सगळे हसले. मालिकेत प्रसंग सकाळी लिहून येतो आणि दुपारी चित्रित होतो. पाठ करायला वेळ कुणाला? मुख्य सहायक दिग्दर्शिका कॅमेऱ्याशेजारी उभी राहते आणि वाक्यं वाचते. नट ऐकतो आणि बोलतो.

मी तिथे खुर्चीवर बसून घेतलं. ज्या गोष्टीची तीस वर्षं लाज बाळगली, तीच इथे कामाची रीत होती. नाट्यशाळेत शिकून आलेले नट अवघडत होते, ऐकून बोलताना त्यांचे डोळे रिकामे व्हायचे. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. वाक्य कानावर पडायचं आणि त्याच्या मागोमाग भाव यायचा, मधली शिवण दिसायची नाही. दिग्दर्शक म्हणाले, ही कला कुठे शिकलात? मी गावाचं नाव सांगितलं. माणसाचं सांगितलं नाही.

त्या सहायक दिग्दर्शिकेला मी मामांचं शास्त्र शिकवलं: श्वास सोडून बोल, शेवटचं अक्षर गिळ, खांद्याकडे बघ. तिनं ते उचललं. एकच गोष्ट तिला जमली नाही. ती प्रत्येक वाक्य दोनदा द्यायची.

मालिका आठ वर्षं चालली. तोंड ओळखीचं झालं. वारंगा फाट्याच्या खिचडीवाल्यानं एकदा ताट पुढे करून पुन्हा मागे घेतलं, आणि सुनेला घराबाहेर काढणार नाही असं कबूल करून घेतल्यावरच दिलं. मी कबूल झालो. त्याच आठवड्यात लेखकानं सुनेला बाहेर काढलं, आणि पुढे महिनाभर मी फाट्यावर तोंड दाखवलं नाही.

या सगळ्या वर्षांत गावी गेलो की फुलसिंगमामांना भेटल्याशिवाय परतायचो नाही. मामींना साडी, मामांना धोतर, डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा चष्मा. सगळं नेलं, ते एक वाक्य सोडून. त्यांनीही कधी विषय काढला नाही. मालिका मात्र ते रोज बघायचे. एकदा तांड्यावर बाजेवर बसलो असताना म्हणाले, "तुजा प्रॉम्प्टर डाव्या बाजूला उभा राहते ना?"

मी चमकलो. सेटवरच्या लोकांनाही माझ्या चेहऱ्यावर ते कधी दिसलं नव्हतं.

"डावा खांदा इतकाच हालते तुजा," त्यांनी बोटाच्या पेरावर दाखवलं. "बाकी बराबर करून राहिला."

तेव्हा बोलायला हवं होतं. समोर ते एकटेच होते, मामी आत चहा ठेवत होत्या. मी चहा पिऊन उठलो. दत्तराव गेले, त्यांनाही पाच वर्षं झाली. त्यांच्या कानावर खरं कधी पडलंच नाही, ही रुखरुख आता जायची नाही.

गेल्या हिवाळ्यात मालिका संपली आणि गावानं सत्कार ठरवला. शाळेच्या मैदानावर मांडव, दुपारची वेळ, सगळं गाव आणि सगळा तांडा. मी सरपंचांना आधीच सांगून ठेवलं होतं, फुलसिंगमामांना माझ्याशेजारी खुर्ची द्या. मामा व्यासपीठावर चढायला तयार झाले नाहीत. म्हणाले, वर काय काम आहे माझं? त्यांनी खुर्ची खालीच घेतली, डाव्या बाजूला, पायऱ्यांजवळ. पडदा असता तर जिथे विंग आली असती, नेमकी तिथे. नव्वदीला टेकलेला माणूस, हातात काठी. इतक्या वर्षांनीही जागा चुकली नाही.

शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. माझ्या संघर्षाबद्दल एकानं बरंच काही सांगितलं, त्यातलं फलाटावर झोपण्याचं मलाही नवीन होतं. मग मी उठलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. जीपमध्ये करायचो तसं पाठ करून आलो होतो. "नांदेडच्या स्पर्धेत आपलं नाटक बाद झालं होतं," मी सुरुवात केली. "तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. फुलसिंगमामांचा आवाज ऐकू गेला म्हणून बाद झालं, असं आपण सगळे म्हणत आलो. पण त्या दिवशी..."

आणि मी अडलो.

हजारो प्रयोग केलेला माणूस, माइक समोर, वाक्य पाठ, आणि तोंडातून आवाज फुटेना. समोर किसन बसला होता, दत्तरावांचा मुलगा बसला होता, माझी बायको, माझी मुलं. सगळ्यांना वाटलं, याला गहिवरून आलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आणखी क्षणभर गेला असता तर त्या टाळ्यांच्या आड मी पुन्हा सुटलो असतो.

तेवढ्यात डाव्या बाजूनं आवाज आला. हळू, उरलेल्या श्वासावरचा, शेवटचं अक्षर गिळलेला. पहिल्या रांगेतल्या सरपंचांना ऐकू गेला नाही. मला ऐकू आला.

"माझं पाठ नव्हतं."

तो त्यांचा घरचा बोल नव्हता. ती पुस्तकातली स्वच्छ मराठी होती, नाटकातलं वाक्य द्यावं तशी. मी खाली बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते.

"माझं पाठ नव्हतं," मी माइकवर म्हणालो.

टाळ्या थांबल्या. त्यापुढे मामांनी काही सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही. कढईजवळचं खोटं सांगितलं, दोनदा दिलेलं वाक्य सांगितलं, टेम्पोतली ताडपत्रीची दोरी सांगितली. मला रडू आलं ते मी आवरलं नाही. मग किसन जागेवरून उठला, मामांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि त्याच्यामागे माणसं रांगेनं येत गेली.

सगळे पांगल्यावर मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसलो. क्षमा मागायला तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

"या बारीला एकदाच सांगावं लागलं," मामा म्हणाले.